उशिरा आलेला सूर

चूक सुधारावी, हे लहानपणापासून आपण सर्वांनी ऐकलेले आहे. कोणाची सुधारावी, किती सुधारावी आणि कोणाला विचारून सुधारावी, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आपली स्वतःची चूक असेल तर प्रश्नच नाही. दिसली की लाजावे आणि सुधारावी. पण दुसऱ्याची चूक आपल्या हाती आली, आणि ती त्याच्या नकळत पुसून टाकण्याची सोयही आपल्या हाती आली, तर काय करावे? गेल्या चातुर्मासात हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. तो ना पोथी वाचताना आला, ना कीर्तन ऐकताना. तो आला एका काँप्युटरच्या पडद्यावर. वाचकांना नवल वाटेल, आम्हांलाही वाटले. म्हणून घडले ते सगळे नीट सांगतो.

पुण्यात नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाच्या देवळापासून फार दूर नाही अशा एका जुन्या वाड्यात, दर एकादशीला भजन होते. मंडळ लहान आहे. वीणा, पखवाज, दहाबारा टाळ आणि एक पेटी, एवढाच सरंजाम. पेटीवाले काका आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि पन्नास वर्षे त्यांची एकादशी चुकलेली नाही. मंडळातल्या कित्येक चाली आता त्यांच्याच बोटांत उरल्या आहेत. त्या कुठे लिहिलेल्या नाहीत. स्वरलिपीची आपल्याकडे फारशी रीतच नाही. ऐकावे, मागे म्हणावे, चुकले तर बुवांनी डोळे वटारावेत आणि पुढच्या खेपेला बरोबर म्हणावे, असा आपला शिक्षणक्रम! अलीकडे काकांच्या हाताला कंप सुटला. डावा हात भाता धरीना. तेव्हा मंडळींच्या मनात आले की, या चाली आताच कुठेतरी साठवून ठेवल्या पाहिजेत. उद्याचे कोणी सांगितले आहे?

मंडळातल्याच एका टाळकऱ्यांचा नातू संगीताच्या ध्वनिमुद्रणाचे काम करतो. घरातल्या एका खोलीत त्याने काँप्युटर, कर्णे आणि एक कीबोर्ड मांडला आहे. तो म्हणाला, "काका, भात्याची काळजी सोडा. या कीबोर्डला भाताच नाही. तुम्ही नुसती बोटं चालवा." पखवाज आधी मुद्रित करून घेतला. पखवाजी तरुण आहे; त्याने कानात ठोका ऐकत भजनी ठेका अगदी एकसारखा धरला. मग काकांनी कानाला यंत्र लावून त्या ठेक्यावर चाली वाजविल्या. जुन्या चाली ओळखणारा कोणीतरी जवळ हवा म्हणून आम्हांला बोलावले होते. तीन संध्याकाळी आम्ही त्या खोलीत बसलो.

आता, हे यंत्र काय करते ते थोडक्यात सांगितले पाहिजे, नाही तर पुढचे कळणार नाही. या पद्धतीला मिडी म्हणतात. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेत वाद्यांच्या एका प्रदर्शनात दोन निरनिराळ्या कारखान्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखविली गेली. एकावर वाजविले की दुसरे वाजू लागले. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी हे या मेळाचे मुख्य कर्ते. एरवी एकमेकांशी चढाओढ करणारे कारखानदार एक भाषा ठरवितात आणि ती भाषा चाळीस वर्षांनंतरही जगभर चालते, हे विशेषच म्हटले पाहिजे.

या भाषेची गंमत अशी की, तीत आवाज मुळीच नसतो. फक्त नोंद असते: कोणती पट्टी दाबली, केव्हा दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली. पट्ट्यांना ० पासून १२७ पर्यंत क्रमांक दिलेले असतात, जोरालाही तसेच. आपल्या भजनाच्या वहीत अभंग असतो, पण गळा नसतो. म्हणणारा भेटला की तो अभंग उभा राहतो. तसेच हे. ही नोंद पेटीच्या आवाजाला जोडली तर पेटी वाजेल, बासरीला जोडली तर बासरी वाजेल.

पडद्यावर ही नोंद आडव्या रेघांनी दिसते. वरची रेघ म्हणजे चढा सूर, खालची म्हणजे उतरता; लांब रेघ म्हणजे लांबवलेला सूर. पाठीमागे मात्रांच्या उभ्या ओळी आखलेल्या असतात. एकेका मात्रेचे त्या मुलाच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८० भाग पडत होते. मिनिटाला साठ मात्रांची लय धरली तर एक भाग सेकंदाच्या दोन हजारांशांएवढा होतो. इतक्या बारीक मापाने कोणताही सूर उचलून मागेपुढे सरकवावा, लांब करावा, आखूड करावा, हलका करावा किंवा पुसून टाकावा. माणसाने वाजवलेले असे हाताने उचलता येते, हे आम्ही प्रथमच पाहिले. तासाभरापूर्वी वाजून गेलेला सूर परत धरता येतो! आपण तर म्हणतो की सुटलेला बाण आणि गेलेला शब्द परत येत नाही.

काकांची नोंद पडद्यावर आली तेव्हा आमच्या मनात कालवाकालव झाली. चालीच्या मोठ्या रेघा तर होत्याच. पण त्यांच्या आसपास बारीक बारीक ठिपके सांडले होते. थरथरणारे बोट शेजारच्या पट्टीला लागले, तिथे एक ठिपका. एकच पट्टी दोनदा दाबली गेली, तिथे आणखी एक. ऐकताना ते फारसे जाणवत नव्हते, पण डोळ्यांना मात्र म्हातारपण जसेच्या तसे दिसत होते. काका चष्मा सरसावून पाहत राहिले आणि म्हणाले, "हे एवढं सगळं माझ्या हातून होतं होय?" आम्ही काहीच बोललो नाही.

मुलाने प्रथम सोपा उपाय केला. या सॉफ्टवेअरमध्ये एक आज्ञा असते. तिला क्वांटाइझ म्हणतात. ती दिली की सगळे सूर एका क्षणात जवळच्या उभ्या ओळीवर जाऊन बसतात. त्याने ती अर्ध्या अर्ध्या मात्रेवर लावली. शाळेतली पोरे शिट्टी ऐकून रांगेत उभी राहावीत तसे सूर उभे राहिले. मग त्याने ते वाजवून दाखविले. सूर तोच, चाल तीच, ठेका तोच. काका थोडा वेळ ऐकून म्हणाले, "सगळं बरोबर आहे रे बाबा. पण चालत नाही."

यात शब्दाची कोटी नव्हती. पालख्या पुण्यात येतात त्या दिवशी हे कोणालाही ऐकता येते. रस्त्याकडेच्या मांडवांतून कर्ण्यावर भजनाची मुद्रिका लावलेली असते आणि समोरून दिंडी येते. कर्ण्याची लय सकाळी जी, तीच संध्याकाळी. दिंडीची लय मात्र पायांनी ठरते. चढ आला की ती मंदावते, उतार आला की सैल होते, पावली सुरू झाली की वाढते. मागच्या रांगेतली म्हातारी माउली मागे पडू लागली की विणेकरी हळूच पाऊल आखडते घेतो आणि टाळही त्याबरोबर आखडतात. कर्ण्याला ही म्हातारी दिसत नाही. त्याची लय चुकत नाही, कारण त्याला कोणाची वाट पाहायची नसते.

तेव्हा मुलाने आज्ञा मागे घेतली आणि एकेक सूर हाताने पाहायला बसला. हे काम फार चिकाटीचे. माऊसने ठिपका धरायचा, ऐकायचा, चुकून लागलेला आहे अशी खात्री झाली की पुसायचा. मग पुढचा. एका अभंगाच्या चालीला दोन-अडीच तास लागले. निवडायला घेतलेले तांदूळ जसे दाणा दाणा पाहून निवडावेत, तसे ते चालले होते. आम्ही मनात म्हटले, सेवा ती हीच. नाव फक्त नवे आहे.

इथपर्यंत ठीक होते. मग आमच्या हातून जे घडले ते सांगतो. चालीत एक जागा अशी होती की, पहिल्या चरणाच्या शेवटी काकांचा सूर दर खेपेला उशिरा येई. मात्रेच्या ४८० भागांपैकी सुमारे १०० भाग, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. पुढच्या दोन मात्रांत ते पुन्हा ठेक्यावर येत. मुलाने विचारले, "हे काय करू?" काका तेव्हा चहासाठी खाली गेले होते. आम्ही शहाणपणाने सांगितले, "वयाचा दोष आहे, सरळ करून टाक." त्याने बारा ठिकाणचे बारा सूर ओळीवर आणून ठेवले.

काका वर आले, ऐकले, आणि त्या जागेला त्यांनी एकदम हात वर केला. "इथं कोणी हात लावला?" मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हटले, "काका, तुमचा सूर तिथे मागे पडत होता." त्यावर काका म्हणाले, "मागं पडत नाही, महाराज. तिथं आमचे बुवा श्वास घेत. त्यांना दम्याची व्यथा होती. मी पुढं गेलो असतो तर म्हातारा फरफटला असता. म्हणून मी थांबत असे."

ते बुवा, म्हणजे मंडळाचे जुने विणेकरी, जाऊन बारा वर्षे झाली. आता वीणा तरुणाच्या गळ्यात आहे आणि त्याला श्वास कमी पडत नाही. तरी काका थांबतात. आणि आम्ही नंतर लक्ष देऊन ऐकले, तर सगळे मंडळच तिथे थांबते. कालपरवा आलेली पोरेसुद्धा थांबतात. कोणासाठी, ते त्यांना ठाऊकही नाही.

आम्ही मान खाली घातली. थरथरीने सांडलेला ठिपका आणि प्रेमाने थांबलेला सूर, दोन्ही पडद्यावर सारखेच दिसत होते. दोन्ही ओळीबाहेरच होते. यंत्राला त्यांच्यातला भेद कळणे शक्य नव्हते. पण आम्ही तर यंत्र नव्हतो! आम्हांला तो कळला नाही, कारण आम्ही विचारले नाही.

मुलाने सूर जागेवर नेले, पण त्याच्या मनातला प्रश्न गेला नाही. तो म्हणाला, "मग मी हे ठिपके तरी कोणत्या अधिकाराने पुसतोय? हे खोटं नाही का? लोक ऐकतील आणि म्हणतील, काकांचा हात काय स्वच्छ आहे!" प्रश्न खरा होता. त्यावर मंडळींत दोन तट पडले.

एक तट म्हणाला, भजनाला भाव लागतो. सूर चुकला काय, बरोबर आला काय, देवाला सारखेच. जसे वाजले तसे राहू द्या. हे ऐकायला गोड आहे, पण आमच्या मते अर्धेच खरे आहे. आपली परंपरा सुराविषयी बेफिकीर कधीच नव्हती. पखवाजी भजनाला बसण्यापूर्वी काय करतो ते पाहा. डाव्या पुडीला कणीक मळून लावतो, चिमटीने कमी-जास्त करतो. उजव्या पुडीच्या गट्ट्यांवर हातोडी मारतो, कान लावून ऐकतो, पुन्हा मारतो. पाच-दहा मिनिटे त्यात जातात आणि मंडळी शांतपणे थांबतात. याला कोणी खोटेपणा म्हणत नाही. भाव आहे म्हणून कणीक नको, असे म्हणणारा पखवाजी आम्ही तरी पाहिलेला नाही. आळसाला भावाचे नाव देणे ही आपलीच फसवणूक आहे.

दुसऱ्या तटाला यंत्रच नको होते. त्यांना आम्ही पेटीची गोष्ट सांगितली. ही पेटीसुद्धा परदेशातून आलेली. तिचे बारा सूर ठरलेले. दोन सुरांमधली मींड तिला निघत नाही. म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. त्याच्याही आधी, १९११ च्या सुमारास, सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी क्लेमंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर बावीस श्रुतींची पेटी करवून पाहिली होती. पेटीवर विद्वानांचे वाद चालले असताना ती खेड्यापाड्यांतल्या भजनांत जाऊन बसलीसुद्धा. आज तिच्याशिवाय एकादशी सुनी वाटते. वाद्य कोठून आले याला फारसे महत्त्व नाही. त्याने काय करावयाचे, हे कोण ठरवितो, याला आहे.

पण मुलाच्या प्रश्नाचे उत्तर या दोन्ही तटांकडे नव्हते. आम्हांला ते नाथमहाराजांच्या चरित्रात सापडले असे वाटते. माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली. पुढे नकला होत गेल्या. कोठे अक्षर चुकले, कोठे ओळ गळाली, कोठे कोणी आपल्याच पदरची ओवी घातली. सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथमहाराजांनी प्रती जमवून, ताडून पाहून, मूळ पाठ शुद्ध केला. ते स्वतः केवढे कवी! एखादी ओवी आणखी चांगली करणे त्यांना अवघड होते काय? पण त्यांनी ते केले नाही. जे माउलींचे नव्हते ते काढले, माउलींचे होते ते बसविले. आणि हे काम गुपचूप केले नाही. आपण शोधन केले हे वर्षासह लिहून ठेवले, आणि यात कोणी आपली भर घालू नये असेही बजावले. आपल्याला आवडते तिकडे न्यायचे नाही, मुळाकडे न्यायचे. आणि केले ते उघड सांगायचे. ही दोन पथ्ये पाळली तर सुधारणा ही सेवा होते. ती मोडली तर तीच सुधारणा चोरी होते.

यावर त्या मुलाने आम्हांला चांगलेच पकडले. तो म्हणाला, "मग काकांचा तो उशीरसुद्धा मागाहून शिरलेलाच ना? मूळ चालीत तो नसणार. नाथमहाराजांच्या न्यायाने तो काढायला हवा!"

आम्ही रात्रभर विचार केला. उत्तर मिळाले ते असे. ज्ञानेश्वरीला एक कर्ता आहे. तिथे शुद्ध काय, हे माउलींना विचारायचे. ते ग्रंथरूपाने आहेत. चालीला तसा कर्ता नाही. कोणा एकाने ती बांधली असेल, पण शेकडो पायांनी चालून, गळ्यांनी झिजवून ती आज आहे तशी झाली आहे. तिचे मूळ मागे कोठेतरी पडलेले नाही, ते मंडळातच आहे. म्हणून तिथे मंडळाला विचारायचे. काकांना विचारले, ते म्हणाले हे ठिपके माझे नव्हेत, दुखण्याचे आहेत, काढा. आणि तो उशीर माझा आहे, बुवांचा आहे, ठेवा. वाजविणाऱ्याने स्वतः निवाडा दिला. आता त्यात आमच्या-तुमच्या मताला जागा कुठे राहिली?

हा न्याय सर्वस्वी निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. काका नसते तर? बारा वर्षांपूर्वी बुवांऐवजी तेच गेले असते, आणि ही नोंद कोणा परक्याच्या हाती लागली असती, तर त्या थांबण्याचा अर्थ कोण सांगणार होता? अशा वेळी एकच करता येते: जे कळत नाही ते सरळ न करता तसेच राहू द्यावे. पुसलेले परत आणणे कठीण. राहिलेले कधीतरी कोणी समजून घेईल.

एक गोष्ट मात्र या कामाने आमच्या पुरती गळी उतरविली. आपण घरात, मंडळात, वारीतसुद्धा माणसांवर ही क्वांटाइझची आज्ञा दिवसभर चालवीत असतो. सून पंगतीला उशिरा का बसते, शेजारचा काकड्याला उशिरा का येतो, दिंडीत अमुक गृहस्थ रांग सोडून मागे का रेंगाळतात. आपल्याजवळ आखलेल्या ओळी तयारच असतात, आणि जो ओळीवर नाही तो चुकला असे आपण ठरवून टाकतो. त्यांच्यातले काही खरोखर आळशी असतीलही. ठिपके काय आणि माणसे काय, सगळीच निर्दोष नसतात. पण कोणी आजाऱ्याचे तोंड धुऊन मग काकड्याला येत असेल. कोणी मागे राहिलेल्या म्हातारीचे गाठोडे घेऊन चालत असेल. उशीर दोघांचाही सारखाच दिसतो. विचारायला मात्र आपल्याला वेळ नसतो, कारण लय आपल्याला सांभाळायची असते!

असो. काम पुरे झाले ते असे. चालींच्या दोन प्रती ठेवल्या. एक काकांनी वाजविली तशीच, ठिपक्यांसकट. तिला कोणी हात लावायचा नाही. दुसरी हाताने निवडलेली, शिकणाऱ्यांसाठी. तिच्यावर स्पष्ट लिहिले की, वाजविणाऱ्याच्या संमतीने बोटांच्या कंपामुळे लागलेले सूर काढले आहेत, बाकी काही बदललेले नाही. आणि पहिल्या चरणाच्या शेवटी थांबायचे आहे, ती जागा अमक्या बुवांच्या श्वासाची आहे. मुलाने ते आपल्या हाताने लिहिले.

निवडलेली प्रत काकांना ऐकविली त्या दिवशी ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "असा हात होता खरा माझा." आणि उठता उठता मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ही पोरांना दे. पण माझ्या माघारी एकादशीला लावायची वेळ आली, तर ती दुसरी लावा. ती कापरी. विठ्ठलाला माझा हात ओळखू यायला हवा."

पुढच्या एकादशीला आम्ही मुद्दाम गेलो होतो. काका पेटीशी बसले होते; भाता शेजारी बसलेल्या त्या मुलाने धरला होता. पहिला चरण संपला. सगळे टाळ क्षणभर थांबले, आणि मग काकांचा सूर आला.

राम कृष्ण हरि.